सीमारेषेपलीकडची खुर्ची

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर महिनाभर आमचे किराणा दुकानदार माझ्याशी फक्त हिशेबापुरते बोलत होते. एरवी त्यांच्या दुकानी गेलो की "या सर, बसा" म्हणून ते स्टूल झटकीत, आतून चहा येई, आणि गावापासून दिल्लीपर्यंतच्या राजकारणाचा निकाल लावून झाल्यावर मग कुठे साखर किती हवी हा विषय निघे. पण त्या महिन्यात "काय देऊ?" एवढेच. तेही तराजूकडे पाहून. आणि एके दिवशी उधारीची वही माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "सर, दिवाळीआधी मागचं तेवढं मिटवून टाका."

पंधरा वर्षांत त्यांनी कधी मागितले नव्हते. मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा सौभाग्यवती चकल्यांच्या भाजणीचे धान्य निवडीत होती. ती म्हणाली, "तुम्ही केलंत तरी काय?"

मी काय केले होते? कागदावर अकरा नावे लिहिली होती.

त्याचे असे झाले. आमच्या देऊळगाव राजाच्या शाळेत खेळाचे शिक्षक एक आणि बाकीचे आम्ही सारे खेळाबद्दल बोलणारे. बोलणाऱ्यांत माझा नंबर वरचा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला सगळ्यातले थोडेथोडे कळते, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. तो दूर करण्याची घाई मी कधी केली नाही. तेव्हा तालुक्याच्या शालेय स्पर्धा आल्या आणि सतरा वर्षांखालील मुलांचा क्रिकेटचा संघ निवडायची वेळ आली, तेव्हा निवडीची जबाबदारी माझ्याकडे आली आणि मीही ती मोठ्या खुशीने घेतली. एक कागद, एक पेन आणि मैदानाच्या कडेला एक लोखंडी खुर्ची. इतके दिवस मी त्या मैदानाच्या कडेला उभा राहून टीका करीत होतो. आता बसून करायची, एवढाच फरक मला वाटला.

दहा नावे सरळ लिहिली गेली. अकरावे अडले. जागा मधल्या फळीतली, पाचव्या-सहाव्या क्रमांकाची. एका बाजूला आमच्या दुकानदारांचा मुलगा. दहावीत, उंचापुरा, हात चांगला, जालन्याहून शिवून आणलेला पांढरा गणवेश. दुसऱ्या बाजूला नववीतला एक मुलगा, खेड्यावरून सायकलीने येणारा. त्याच्या पायात बूट होते ते चुलतभावाचे, आणि ते त्याच्या पायांपेक्षा मोठे होते. फलंदाजीत दोघे उन्नीस-बीस. पण हा धाकटा चार षटके टाकू शकत होता आणि चेंडू अडवताना अंग राखत नव्हता. मी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी धाकट्याचे नाव लिहिले आणि दुकानदारांच्या मुलाचे बाराव्या जागी टाकले.

बारावा गडी म्हणजे काय हे मी जाणतो. शाळेत असताना मीही एकदा बारावा होतो. पांढरा सदरा घालून पाण्याची कळशी वाहिली होती. ज्या गुरुजींनी मला वगळले त्यांना मी पुढली कितीतरी वर्षे मनातल्या मनात शिव्या दिल्या. ते आता नाहीत. त्यांच्याही मनात त्या वेळी काही कालवाकालव झाली असेल, हे मला सुचायला स्वतः त्या खुर्चीत बसावे लागले.

त्या दिवसांत मला वारंवार आठवण येई ती चंदू बोर्डे यांची. आमच्या घरात हे नाव देवघरातल्या नावांच्या खालोखाल घेतले जाई, त्याला कारण अण्णा. आमचे वडील 1964 साली शाळेत होते. त्या वर्षी दसऱ्याला आमचे गाव नेहमीप्रमाणे बालाजीच्या यात्रेने फुलले होते, आणि तिकडे मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा शेवटचा दिवस होता. जिंकायला 254 धावा हव्या होत्या. आजच्या पोरांना त्याचे काही वाटणार नाही. पण चौथ्या डावात, सिम्प्सनच्या ऑस्ट्रेलियासमोर, हा आकडा म्हणजे घाटच. अण्णा बाजारातल्या एका दुकानासमोर रेडिओ ऐकत गर्दीत उभे होते. पतौडी आणि मांजरेकर यांनी गाडा ओढून आणला आणि दोघेही गेले. उरले बोर्डे. सोबतीला यष्टिरक्षक इंद्रजितसिंहजी, आणि मागे बॅट हातात धरता येते एवढेच म्हणावे असा चंद्रशेखर. आठ गडी बाद झालेले. अण्णा सांगत, "पालखी बघायला आईनं पाठवलं होतं, अन् मी तिथं रेडिओला हात जोडून उभा!" बोर्डे 30 धावांवर नाबाद राहिले, भारत दोन गडी राखून जिंकला, आणि त्या दुकानदाराने समोरच्या गर्दीवर मूठमूठ बत्तासे उधळले. आपट्याच्या पानांबरोबर बत्तासे घेऊन अण्णा घरी आले. पालखी चुकवल्याबद्दल मारही खाल्ला.

तो बत्तासे उधळणारा दुकानदार म्हणजे आमच्या आजच्या दुकानदारांचे वडील. पण हे आपले जाता जाता.

बोर्डे हे खरे मधल्या फळीतले माणूस. पुण्याचे. 21 जुलै 1934 चा जन्म, मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. 55 कसोटी सामने, 3061 धावा, पाच शतके आणि लेगस्पिनने घेतलेले 52 बळी. पुढे खांदा दुखावल्यामुळे गोलंदाजी सुटत गेली, नाही तर हा दुसरा आकडा वाढला असता. मधल्या फळीतल्या माणसाचे नशीब विचित्र असते. सलामीचे टिकले तर त्याने येऊन धावा पळवायच्या. कोसळले तर त्याने पडझड थांबवायची. फुटबॉलमध्ये जो मधल्या पट्ट्यात धावतो त्याचेही तसेच. गोल करणारा पुढचा, अडवणारा मागचा, आणि दोघांची उणीदुणी भरून काढणारा हा. वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र शेवटी येते. 1961-62 च्या मोसमात आपण इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदा मालिका जिंकली. त्यातल्या कलकत्त्याच्या विजयात दोन्ही डावांत बोर्ड्यांची अर्धशतके होती. पण त्या मालिकेचे नाव काढले की लोकांना आठवतो तो सलीम दुराणी. दुराणी होताच तसा. त्यात तक्रार नाही.

मला मात्र बोर्ड्यांचा सर्वांत आवडता डाव तो, ज्यात त्यांचे काहीतरी राहून गेले. 1959 चा फेब्रुवारी, दिल्ली. समोर हॉल आणि गिलख्रिस्ट. त्या वेगाचे वर्णन मी मास्तर करू नये. त्या वर्षी वेस्ट इंडिजने आपल्याला असे भाजून काढले की पाच सामन्यांत आपण चार कर्णधार बदलले. निवड समितीची दैना यापेक्षा अधिक काय सांगावी! त्या दिल्लीच्या सामन्यात पंचविशीही न गाठलेल्या बोर्ड्यांनी पहिल्या डावात 109 धावा केल्या आणि दुसऱ्या डावात 96. एका कसोटीत दोन शतके तोवर फक्त विजय हजाऱ्यांनी काढली होती, 1948 साली अॅडलेडला. बोर्डे दुसरे होणार, चार धावा हव्यात, आणि तेवढ्यात त्यांच्याकडूनच यष्ट्यांना धक्का लागला. हिट विकेट. ना झेल, ना त्रिफळा. आपल्याच हातून आपले घर मोडावे तसे झाले. पुढे तो मान गावसकरांना मिळाला, 1971 साली.

आमच्या अण्णांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणत, "अरे, चारच तर धावा!" ज्याला एकदा काहीतरी मिळता मिळता राहिले आहे, त्यालाच चार धावा म्हणजे किती ते कळते.

आणखी एक असेच. भारताचे कर्णधारपद बोर्ड्यांच्या वाट्याला कसोटीत एकदाच आले. 1967 च्या डिसेंबरात, अॅडलेडला, पतौडी जायबंदी म्हणून. तो सामना आपण हरलो आणि पुढे पुन्हा पतौडी. एका सामन्याचा कर्णधार! लग्नात करवलीने मिरवावे तशातली गत. 1969 च्या नोव्हेंबरात, ज्या ब्रेबॉर्नवर दसरा साजरा केला होता तिथेच त्यांची शेवटची कसोटी झाली. तेव्हा वय पस्तीस.

आता इथे आपण थांबू. कारण पस्तिसाव्या वर्षी आमच्यासारख्या मास्तराची नोकरी नुकती कायम झालेली असते. लेखकाची तर त्या वयात पहिली बरी कादंबरी निघते. आणि खेळाडूचे मात्र सारे संपलेले असते! ज्या गोष्टीसाठी तो जन्मला ती पुन्हा कधी करायची नाही. आणि आयुष्य तर अजून अर्धे बाकी. काय करावे त्याने? काही जण जुन्या दिवसांची चावून चोथा झालेली पाने पुन्हा पुन्हा चघळीत बसतात. काही दुकान काढतात. आणि काही थोडे सीमारेषेच्या पलीकडे खुर्ची टाकून बसतात आणि दुसऱ्यांच्या खेळाची काळजी वाहतात.

सगळ्या देशांत हे असेच चालते. जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या बायर्न क्लबात उली हेनेस नावाचा खेळाडू होता. मधल्या फळीतून मुसंडी मारून पुढे धावणारा. 1974 च्या विश्वविजेत्या संघात तो होता, आणि 1976 साली बेलग्रेडला युरोपच्या अंतिम सामन्यात त्याचीच पेनल्टी गोलाच्या वरून गेली. गुडघ्याने दगा दिला आणि 1979 साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मैदान सोडून त्याच क्लबाच्या कचेरीत व्यवस्थापक म्हणून जाऊन बसला. पुढली तीस वर्षे त्याने ती खुर्ची अशी सांभाळली की क्लब जगातल्या श्रीमंतांत जाऊन बसला. त्यानंतर त्याला अध्यक्ष केले. 2014 मध्ये कर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला तोही हाच. खुर्चीत बसलेल्याचा पाय घसरत नाही असे थोडेच आहे!

बोर्ड्यांची खुर्ची निराळी. तिच्यात पैसा नव्हता, होते ते शिव्याशाप. ते दोनदा निवड समितीचे अध्यक्ष झाले. पहिल्यांदा 1984 च्या सुमारास. त्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्ध दिल्लीची कसोटी आपण हरलो. कपिल देवने नको तेव्हा नको तो फटका मारला होता. आणि पुढच्या कलकत्त्याच्या सामन्यातून त्याला वगळण्यात आले. कपिलला! ज्याने दीड वर्षापूर्वी विश्वचषक आणला त्याला! कलकत्त्यात लोक चिडले. मला या वगळण्याचे समर्थन करायचे नाही. आजही माझे मत आहे की ते चुकले. पण त्याच सामन्यात अझरुद्दीन नावाचा कोवळा मुलगा पहिल्यांदा खेळला आणि शतक ठोकून गेला. निवडीचा कागद असा असतो पाहा: एका ओळीत पाप आणि दुसऱ्या ओळीत पुण्य, आणि शाई एकच.

दुसऱ्या खेपेला, 2000 साली, तेंडुलकरने कर्णधारपद सोडले आणि गांगुलीकडे ते आले, तेव्हाही समितीच्या अध्यक्षपदी बोर्डेच होते. गंमत अशी की तेंडुलकर पहिली कसोटी खेळायला 1989 मध्ये कराचीला गेला, त्या पाकिस्तान दौऱ्यावर संघाचे व्यवस्थापकही बोर्डेच. सोळा वर्षांचा पोर, समोर इम्रान, अक्रम, वकार. सियालकोटला त्याच्या नाकावर चेंडू बसला तेव्हा पोर हलला नाही, पण तंबूत बसलेल्या माणसाचे काय झाले असेल? ज्याने स्वतः हॉल आणि गिलख्रिस्ट अंगावर घेतले होते त्याला बाहेर बसून तो चेंडू पाहायचा होता. आत असताना हातात निदान बॅट असते!

आणि मग 2007. त्या वर्षीच्या विश्वचषकात आपली धूळधाण झाली होती, परदेशी प्रशिक्षक गेले होते, नवा येईना. इंग्लंडच्या दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून कुणाला पाठवले, तर बोर्ड्यांना. शिक्षकांच्या खोलीत आमच्यापैकी एकजण म्हणाला, "अहो, आता त्यांना नातवंडं खेळवू द्या!" आम्ही हसलो, मीही हसलो, कबूल करतो. लॉर्ड्सची कसोटी चालू असतानाच, 21 जुलैला, त्यांना त्र्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. तो सामना शेवटच्या दिवशी नऊ गडी बाद अशा अवस्थेत पावसाने वाचवला. पुढला नॉटिंगहॅमचा सामना द्रविडच्या संघाने सात गडी राखून जिंकला, आणि इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांनी आपण मालिका जिंकली. त्यात बोर्ड्यांचा वाटा किती, हे मोजायला कुठला धावफलक नाही. संघाच्या छायाचित्रात कडेला बसलेला म्हातारा माणूस, इतकेच आपल्याला दिसते.

पण या साऱ्या अध्यक्षपदांपेक्षा माझ्या मनात घर करून आहे ते त्यांचे एक वेगळे काम. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवरच्या खेळपट्टीची देखभालही त्यांनी केली. ज्याने पाच शतके काढली, ज्याला पद्मश्री आणि पद्मभूषण मिळाले, तो माणूस उन्हात उभा राहून माती पाहतो, पाणी किती द्यायचे ते सांगतो, रूळ फिरवून घेतो.

हे काम काय असते ते मी त्या खुर्चीपायी थोडे शिकलो. आमच्या मैदानाची माती काळी, कपाशीची. पावसाळ्यात चिखल असा की चपला तिथेच सोडून घरी यावे, आणि ऊन पडले की तळहाताएवढ्या भेगा. खेळाच्या शिक्षकांनी आणि मी शिपाईमामांच्या मदतीने स्पर्धेपूर्वी बावीस यार्डांचा पट्टा करायला घेतला. संध्याकाळी पाणी मारायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि सकाळी रूळ फिरवायचा. ओल जास्त राहिली तर माती रुळालाच चिकटून वर येते. फार वाळली तर पापुद्रा सुटतो. मधली वेळ साधायची. ती तासाभराचीच असते, आणि नेमकी प्रार्थनेच्या घंटेला येते! मी दोन दिवस मराठीचा तास शिपाईमामांच्या पोराच्या हाती कादंबरी देऊन भागवला. मुख्याध्यापकांनी हे वाचले तर माझी काही खैर नाही.

आणि त्या पट्ट्यावर आम्ही हरलो. सात धावांनी.

वीस षटकांचा सामना, शेवटची दोन षटके, आणि मी ज्याला घेतले तो नववीतला मुलगा फलंदाजीला गेला. पहिल्याच चेंडूवर धाव चोरायला निघाला. बूट सैल. घसरला. शून्यावर धावबाद. तो परत येत होता तेव्हा मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मीही दुसरीकडे पाहू लागलो. खरे सांगायचे तर गोलंदाजीत त्याने दोन बळी घेतले होते, एक झेल तर जमिनीला अंग घासून घेतला होता. पण लोकांच्या लक्षात शून्य राहते. संध्याकाळपर्यंत बाजारात निकाल लागला होता की मास्तरांनी सामना घालवला. दुकानदारांच्या वहीची कथा यानंतरची.

मला वहीचे वाईट वाटले नाही. म्हणजे वाटले, पण ते निस्तरता येते. कादंबरीच्या मानधनातून मी ती बाकी दोन हप्त्यांत फेडली. मला लागले ते निराळेच. दसऱ्याच्या संध्याकाळी शाळेची मुले सोने द्यायला घरी येतात. दुकानदारांचा मुलगा येईल असे मला वाटले नव्हते. तो आला. अण्णांच्या पाया पडला, माझ्या पडला, आपट्याची पाने हातावर ठेवली. अण्णांनी सवयीप्रमाणे त्याला त्याच्या आजोबांच्या रेडिओची आणि बत्ताशांची गोष्ट सांगितली. त्याने ती नम्रपणे, बहुधा दहाव्यांदा, ऐकली. निघताना दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी मला सतराच्या खाली खेळता येणार नाही. वय भरतं."

रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. त्याने ते सुट्टीची तारीख सांगावी तसे सांगितले.

त्या रात्री अण्णांना मी विचारले, "माझं चुकलं का हो?" अण्णा आता बरेचसे विसरतात, पण 1964 विसरत नाहीत. ते म्हणाले, "सात धावांनी हरलात ना? तो असता तर आठ काढल्या असत्या की काढल्या नसत्या, हे तुला कधी कळायचं नाही. झोप आता."

झोप आली नाही हे सांगायला नकोच. अजूनही मी तो कागद डोळ्यांपुढे आणतो आणि अकरावे नाव पुन्हा लिहून पाहतो. दर वेळी तेच लिहिले जाते. आणि दर वेळी तो दारात चप्पल घालत उभा असतो.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात मी पट्ट्यावर पाणी मारायला गेलो होतो. स्पर्धा संपली होती, तरी आता त्या मातीची सवय लागली होती. लहान मुलांचा, पाचवी-सहावीचा, सामना चालला होता आणि नेहमीप्रमाणे धावा किती झाल्या यावरून मारामारीची वेळ आली होती. दुकानदारांचा मुलगा पायऱ्यांवर एकटा बसला होता. मी माझी लोखंडी खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि दप्तरातली धावांची वही काढून दिली.

"लिहितोस का? यांच्यात कुणाला धड मोजता येत नाही."

त्याने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग मैदानाकडे. खुर्चीवर बसला नाही. पायरीवरच वही गुडघ्यावर घेतली, पेन्सिल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हिला टोक नाही, सर."

मी खिशात ब्लेड शोधू लागलो.